चार ससे, मागीलप्रमाणे

'ससे : चार, मागीलप्रमाणे.' दर महिन्याला वहीत एवढं लिहून राखणदाराने बारा वर्षं सुखाची नोकरी केली होती. इमारतींच्या गराड्यात उरलेली ती दोन एकरांची राई या सशांमुळेच राखीव होती. पण फाटकाजवळची खुर्ची सोडून ते मोजायला आत जाण्याचा योग काही आला नव्हता.

मंगळवारी निरोप आला. उद्या मोठे साहेब स्वतः ससे पाहणार. नसतील तर राई मोडून तिथे गाड्या लावायला जागा होणार. म्हणजे नोकरी जाणार, आणि फाटकाशेजारची राहती खोलीही.

"तुझ्या भावाकडे ससे आहेत ना गं?" राखणदाराने बायकोला विचारलं.

"आहेत, पण पांढरेशुभ्र. रानातला ससा असा धुऊन इस्त्री केल्यासारखा दिसतो का?"

तरी मेहुणा पहाटेच वेताच्या करंडीत चार ससे घेऊन हजर झाला. बायकोने पातेलंभर कडक चहा उकळला, निववला आणि करंडीतच सशांवर ओतला. एकाने अंग झटकलं आणि राखणदाराचा गणवेशही तपकिरी झाला.

"मी खोकलो की झुडपामागून झाकण काढ," त्याने मेहुण्याला बजावलं.

साहेब सात वाजता आले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. राखणदार असा काही खोकला की साहेबांनी त्याला स्वतःची पाण्याची बाटली दिली. काहीच हललं नाही. तो पुन्हा खोकला, मग पुन्हा. चौथ्या खोकल्याला पलीकडच्या गवतातून तपकिरी कान वर आले.

"अरे! हे खरंच आहेत?" साहेब पुटपुटले.

"म्हणजे काय साहेब! चार, मागीलप्रमाणे."

"चार कुठे? सहा आहेत. त्यात दोन पिल्लं."

राखणदाराने मनातल्या मनात मेहुण्याला शिव्या घातल्या. या शहाण्याला चार सांगितले, तर याने अख्खा गोतावळाच आणला! रंग मात्र झकास बसला होता.

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे पाणावले होते. "कुणाला सांगू नका. बारा वर्षांपूर्वी तो चारचा आकडा मीच टाकला होता. ऑफिसात बसून, इथे पाऊलही न ठेवता. निवृत्त होण्याआधी तो खोडून मोकळं व्हावं म्हणून आलो होतो."

त्यांनी वहीत लिहिलं, 'सहा. प्रत्यक्ष पाहिले.' सही केली आणि हलक्या मनाने गेले. राई वाचली. राखणदाराला मेहुण्याला मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात मेहुणाच झुडपामागून आला, घामाघूम होऊन, करंडी पोटाशी धरून.

"दाजी, माफ करा! चहाने वेत फुगला, झाकण निघेचना. तुम्ही खोकून खोकून जीव टाकलात, पण एकही सुटला नाही."

राखणदाराने फटीतून आत पाहिलं. चारही ससे ओलेचिंब बसले होते.

"मग ते सहा...?"

बायकोने फाटकाजवळची खुर्ची उचलली, राईच्या मधोमध नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आजपासून इथं बसायचं."

राखणदार मुकाट्याने जाऊन बसला.