झाकणाआडच्या दिव्याची हकीकत

श्री. उजेड आणि अंधार या दोहोंचा धनी जो परमेश्वर, त्यास दंडवत घालून लिहिले ऐसे जे. शके दोन हजार एकशें आठ, व्ययनाम संवत्सरीं, राज्याचे सात असामी गगनगलबतांत बसून दूरच्या चंद्रावर उतरले आणि उतरतांच त्यांचा शब्द येणे बंद जाहले. सरकारचा यंत्रनेत्र त्या चंद्रावर टक लावून होता. त्याचे चित्रनवीस यमाजी बहिरव. आणि सातांत त्यांचे धाकटे बंधू खंडो बहिरव. हुजुरांची आज्ञा जाहली कीं, खालीं दिवा दिसेल तरच कुमकेचे गलबत तिकडे वळवावे, न दिसल्यास दुसऱ्या मोहिमेस जाऊं द्यावे.

नेत्र जुना, अंगीं डाग बहुत. कांहीं नसतां चमक दाखवी. म्हणोन शिरस्ता ऐसा कीं, नेत्राचे तोंड रित्या आकाशाकडे फिरवावे, मग झाकण लावून निव्वळ अंधाराचे चित्र घ्यावे, आणि त्यांत जे चमके तो नेत्राचाच डाग जाणोन खऱ्या चित्रांतून वजा करावा. यमाजींचा जीव भावापाशीं टांगलेला. तोंड फिरवून परत आणावे तों दिवस जाईल आणि तितक्यांत खंडोचा दिवा विझेल, ऐसे मनीं आणून त्यांनी नेत्र होता तेथेच ठेविला आणि झाकण लाविले. ते थंडीने आखडून केसभर उघडे राहिले, हे कोणास न कळे. मग अंधाराचे चित्र आले, त्यांतले सारे डाग वजा केले, आणि चंद्र साफ काळा निघाला.

दरबार भरला. हुजुरांनी मूळचे चित्र हातीं घेऊन एका बारीक ठिपक्यावर बोट ठेविले आणि पुसिले, "यमाजीपंत, हा दिवा नव्हे काय?"

होय म्हणावे ऐसे यमाजींस फार वाटले. परंतु मायेपायीं चाकरी नासवूं नये म्हणोन मन घट्ट केले आणि बोलिले, "नव्हे, महाराज. झाकण लाविले तरी दिसतो. नेत्राचा डाग आहे."

हुजूर बहुत कष्टी जाहले. कुमकेचे गलबत दुसरीकडे गेले, आणि दरबाराने यमाजींचे इमान वाखाणून शालजोडी दिली.

मग महिना लोटला. आतां घाई कसली उरली होती. नेत्राचे तोंड शिरस्त्याप्रमाणे फिरवून अंधाराचे नवे चित्र घेतले, आणि यमाजींनी जुन्याशेजारीं ठेवून ताडून पाहिले. सारे डाग जागच्या जागीं, हुजुरांनी बोट ठेविला तेवढा एक नव्हता. नेत्राचा डाग भरून येत नसतो. यमाजींनी नेत्र पुन्हां चंद्राकडे वळवून झाकण काढविले, आणि त्या जागीं आतां कांहींच नव्हते. मग ते भुईवर बसले आणि बोलिले, "खंडोने दिवा लाविला होता. म्यां पुसला."

येणेप्रमाणे सात असामी गेले. शालजोडी परत आली. यमाजी चाकरींत राहिले, आणि अंधाराचे चित्र घेतेसमयीं नेत्राचे तोंड फिरविल्याखेरीज झाकणास हात लावूं देत नसत. नेत्र अद्यापि चांगला पाहतो.