आतल्या बाजूची चित्रे

संपादकांनी माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा तिच्यात दोन जुन्या चादरी निघाल्या. ‘वाकडी मान’ या साप्ताहिकाचे एकशेचार अंक त्यांनी ऐन तारुण्यात स्वतः रेखाटून, स्वतः लिहून, प्रौढ आणि समजदार वाचकांसाठी काढले होते. त्यांतला एकही आत नव्हता. मुद्रणाच्या इतिहासाचे प्रदर्शन तर आठ दिवसांवर आले होते. संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी स्पष्ट कळवले होते की, उपहासात्मक चित्रकथांना इतिहासात काचेच्या एका कपाटाएवढी जागा आहे, आणि संपूर्ण संच न मिळाल्यास तिथे रेल्वेची जुनी वेळापत्रके मांडली जातील.

पत्नीने काहीही न लपवता सांगितले, “मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घातली मी. कागद चांगला जाड होता. चित्रं मात्र आतल्या बाजूला घेतली. तुमच्या मंत्र्यांच्या अंगावर कधी पुरते कपडे नसायचे.”

पुस्तके कालांतराने नणंदेच्या मुलांकडे गेली होती आणि नणंद कागदाचा कपटाही टाकत नसे. संपादक सपत्नीक तिच्याकडे पोहोचले. किटलीच्या वाफेवर दोन दिवस कव्हरे सोडवण्याचे काम चालले. बावीस पाने हाती लागली. पण कव्हर घालताना कडा कापल्याने कुठे मंत्र्याला डोके नव्हते, तर कुठे नुसते डोकेच उरले होते. भूमितीच्या पुस्तकावरचा अंक आपण तेव्हा चोरून वाचला होता, असे नणंदेने कबूल केले. कळला का, असे संपादकांनी मोठ्या आशेने विचारल्यावर ती म्हणाली, “नाही हो दादा. पण भूमितीही नाही कळली.”

आता एकच दार उरले होते. गल्लीच्या टोकाला सेवानिवृत्त निरीक्षक राहत. प्रत्येक अंकाची पहिली प्रत तपासणीसाठी त्यांच्या टेबलावर जात असे, आणि अखेर त्यांच्याच कचेरीने छापखान्याला कुलूप ठोकले होते. संपादकांनी त्यानंतर त्यांच्याकडे मान वळवून पाहिले नव्हते.

“मी त्याची पायरी चढणार नाही,” संपादक म्हणाले.

“नका चढू. कव्हरं मी घातली, मीच जाते,” असे म्हणून पत्नीने चपला पायात सरकवल्या. संपादक फाटकाशी उभे राहिले, तेही पाठ करून.

निरीक्षकांनी एकशेचार अंक बाहेर आणले. क्रमाने लावलेले, डांबराच्या गोळ्यांत जपलेले, एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. कचेरी बंद झाली त्या दिवशी कोणीच नेईना, म्हणून त्यांनी ते घरी आणले होते. देताना अट एकच घातली: प्रत्येक अंकाला टाचलेला आपला टंकलिखित शेरा काढायचा नाही.

प्रदर्शनात त्या कपाटाभोवती गर्दी जमली आणि लोक मनापासून हसू लागले. संपादकांनी कोटाची बटणे लावली, कंठ साफ केला आणि जवळ गेले. लोक शेरे वाचत होते.

‘पृष्ठ तीन. खुर्चीवर बसलेला बैल आदरणीय वाटत नाही. तथापि बैलाने आदरणीय असणे आवश्यक आहे काय, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन व्हावे.’

संपादकांनी तो शेरा दोनदा वाचला. निरीक्षक शेजारीच हात मागे बांधून उभे होते.

“हे तुम्ही मुद्दाम लिहीत होता?” इतक्या वर्षांत संपादक त्यांच्याशी प्रथमच बोलले.

“दोन वर्षं, दर शुक्रवारी,” निरीक्षक हळू आवाजात म्हणाले. “तुम्हाला निदान हजारभर वाचक होते. माझा वाचक एकटा साहेब. तो एकदाही हसला नाही.”

संपादकांनी प्रमुख बाईंना बोलावले आणि कपाटावरच्या पाटीकडे बोट केले.

“माझ्या नावाखाली यांचंही नाव घाला,” ते म्हणाले. “मात्र अक्षर बारीक ठेवा.”