डाव्या पायाची तीट

लेकराच्या गालावर आपण तीट लावतो, तशीच एक बारीकशी पोस्टकार्डावरच्या आकड्यांनाही लावावी, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा.

माझे दीर बळीरामभाऊजी विद्यापीठात चालण्याचा अभ्यास करतात. (हसू नका. गावाकडे सासरे अजून विचारतात, "घरी काय रांगत होता तो?") पळताना कोणता स्नायू ओढतो, उडी मारताना गुडघा किती वाकतो, सगळं जाडजूड इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊजी भिलाईला, पोलाद कारखान्याच्या कॅम्पातल्या आमच्या क्वार्टरवर आले, तेव्हा आमचा चिंधू नुकताच भिंत सोडून उभा राहायला लागला होता. त्याला पाहून त्यांचे डोळे असे चमकले, जसे ह्यांचे कारखान्यात नवीन रशियन मशीन पाहून चमकतात.

"वहिनी, मले प्रॅक्टिकलसाठी असंच लेकरू पाहिजे होतं! दर आठवड्याले याची पावलं मोजायची. डावं किती, उजवं किती. तीन महिने."

"लेकराले मोजत असतात काय कोणी? वाढ खुंटते."

"तुम्ही सातवी शिकल्या नं, वहिनी?"

झालं. कोणी सातवी काढली की माझं तोंड बंद होतं.

सुट्टी संपली, भाऊजी गेले, आणि मोजणी माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी परातीत गेरू कालवायचा, चिंधूचे तळवे त्यात बुडवायचे, त्याला सिमेंटच्या फरशीवर सोडायचा आणि ठशापासून ठशापर्यंत टेप लावून इंच पोस्टकार्डावर लिहून भाऊजींना धाडायचे. (मग दिवसभर फरशी घासायची. हे प्रॅक्टिकलमध्ये धरत नाहीत.)

पण पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र. पोस्टमन वाचतो, रेल्वेवाला वाचतो. आणि शेजारच्या सिंधुताई तर "आण, मी टाकतो पेटीत" म्हणून माझ्यासमोरच वाचायच्या.

"अवं बाई! एवढंसं पोट्टं अन् सहा इंच पाऊल टाकते!"

त्याच दिवशी चिंधूने दूध ओकलं. आता आईने काय करावं? मी काजळाऐवजी पेन्सिल घेतली. तीट एकाच बाजूला लावतात, म्हणून डाव्या पावलाचा अर्धा इंच कमी लिहिला. पोरगं पुढे सुटलं, तशी तीटही मोठी करावी लागली. अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन, दोनाचे चार झाले. शेवटी चिंधू अंगणभर पळत होता आणि पोस्टकार्डावर त्याचं डावं पाऊल उजव्याच्या निम्मं उरलं होतं.

एक दिवस ह्यांच्या नावाने बंद लिफाफा आला. फर्स्ट शिफ्टवरून येऊन चहा पिता पिता ह्यांनी तो मोठ्याने वाचला. "'दादा, वहिनीला एकदम सांगू नको.'" (आमच्याकडे गुपित असंच वाचतात.) "'चिंधूचा डावा पाय आठवड्यागणिक कमजोर होत आहे. आमच्या सरांनी फळ्यावर काढून सगळ्या वर्गाला दाखवलं. मी पुढच्या रविवारी येतो. तोवर त्याची चाल पाहून ठेव.'"

माझ्या हातातली बशी खाली आली. तुम्ही म्हणाल, आकडे हिनेच खोटे लिहिले, मग भ्यायचं कशाला? पण लिहिले होते माझ्याच हाताने, आणि वर सरकारी शिक्का. पोस्टकार्ड सिंधुताईंनी वाचलं तसं देवानेही वाचलंच असणार. त्याला काय माहीत, ही तीट आहे म्हणून?

चिंधू फरशीवरून डगमगत येत होता. डावीकडे कलला, मग उजवीकडे कलला. मी डावीकडचं तेवढं पाहिलं.

"अवो, पाहा नं, लंगडते काय तो?"

"थांब... हो वं. थोडासा."

"थोडासा?" सिंधुताई दारातूनच म्हणाल्या. "मी तं कवापासून पाहून राहिली. म्हटलं हिले कायले सांगा, आधीच भित्री."

त्या आठवड्यात सगळा कॅम्प येऊन गेला. तेलुगू बायका, पंजाबी बायका, बंगाली बायका. माझी हिंदी 'नमक है, मिरची नहीं है' एवढीच. मग सांगणार कशी? चालूनच दाखवायची. डावा पाय ओढत, कमरेवर हात ठेवून, दारापासून चुलीपर्यंत. एका तेलुगू आजीबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आणि गुरुवारपर्यंत चिंधू असा लंगडायला लागला की आंधळ्यालाही दिसावं.

रविवारी भाऊजी आले. पाणीसुद्धा न पिता त्यांनी चिंधूला आडवं केलं, कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, वाकवले, दाबले.

"सुताचाही फरक नाही."

चिंधू हसत उठला आणि लंगडत निघून गेला. भाऊजींचा चेहरा पडला. "वहिनी, हे पुस्तकात नाही."

मला राहवलं नाही. "भाऊजी, मीच केलं हे! नजर लागू नये म्हणून डावं पाऊल कमी लिहीत होती. अन् लिहिलं तसंच झालं माह्या लेकराले!"

"म्हणजे आकडे खोटे?" भाऊजींनी हातातला टेप खाली ठेवला. "अन् सर फळ्यावर..."

"खोटे होते! आता खरे झाले नं!"

तेवढ्यात सिंधुताई एका अनोळखी बाईला घेऊन आल्या. "ह्या सामनेच्या क्वार्टरमध्ये नवीन आल्या. दाखव वं यांले, कसा चालते तो."

मी डोळे पुसले आणि (सवयच झाली होती) उठले. कमरेवर हात, डावा पाय ओढत, दारापासून चुलीपर्यंत. वळून पाहते तर माझ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळे माझ्या मागे पाहत होते.

माझ्या मागे चिंधू होता. कमरेवर हात, डावा पाय ओढत. मी थांबले, तोही थांबला, आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

भाऊजींनी सावकाश वही उघडली. "वहिनी, हे दिवसातून कितीदा दाखवता तुम्ही?"

"जास्त नाही. पंधरा-वीसदा."

खाटेवर बसलेले हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. नवीन बाईंना वाटलं, आमच्या घरात सगळ्यांनाच काही ना काही आहे. त्या निघून गेल्या.

भाऊजींनी औषध सांगितलं: लेकराला काही करायचं नाही, आईने सरळ चालायचं. तेव्हापासून हे ड्यूटीवरून आले की खाटेवर बसून मला लेफ्ट-राइट म्हणत, आणि मी अंगणात फेऱ्या मारी, मागून चिंधू.

चिंधू चौथ्या दिवशी सरळ चालायला लागला. मला पंधरा दिवस लागले.