रंगराव आणि आतलं माणूस

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या मंगळवार पेठेत मात्र एक माणूस भिंतीला स्वतःचा कान लावून उभा राहायचा. हा रंगराव. घरांना बाहेरून चुना आणि रंग देणं हा त्याचा धंदा. "नावच रंगराव. मग काय न्हावी हुऊ?" असं तो गंभीरपणे विचारायचा आणि समोरचा हसला तर रागवायचा.

अंगानं शिडीसारखा. तो आणि त्याची शिडी शेजारीशेजारी भिंतीला टेकलेली असली, की लांबून कोण कुठलं ते कळायचं नाही. पापण्यांवर कायम चुन्याची भुकटी. तो डोळे मिटायचा तेव्हा चेहऱ्यावर नुसते दोन पांढरे ठिपके उरायचे आणि ते आपल्याकडे बघताहेत असं वाटायचं.

त्याचा एक नियम होता. घरातलं झाडून सगळं माणूस बाहेर आल्याशिवाय तो कुंचा ओला करत नसे. तान्हं पोर असो की जावई. सगळ्यांना रस्त्यावर उभं करून तो बोटानं मोजायचा. मग भिंतीला कान लावायचा आणि हलक्या आवाजात विचारायचा, "आत कोण हाय का?"

भर सकाळची वेळ, टांगे चाललेले, दूधवाल्यांचा आरडाओरडा. तरी त्या प्रश्नानंतर सगळी गल्ली गप्प व्हायची. तालमीतले पैलवानसुद्धा श्वास रोखून उभे राहायचे. रिकाम्या घरातून उत्तर यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आलंच तर?

एकदा तो प्रकार मी जवळून पाहिला. कचेरीतल्या माझ्या एका सहकाऱ्याचं रंकाळ्याच्या बाजूला वडिलोपार्जित घर होतं. चार महिने कुलूप होतं. विकायच्या आधी बाहेरून रंग द्यावा म्हणून त्यानं रंगरावाला बोलावलं. रंगरावानं कान लावला, प्रश्न विचारला आणि शिडी उचलून निघाला.

"काय झालं रे?"

"पावणं, आत हाय कोणतरी."

"अरे, किल्ली माझ्या खिशात आहे!"

"असंल की. पर हाय."

सहकाऱ्यानं चिडून कुलूप काढलं. दुपारचे बारा वाजले होते. आत जमिनीवर बोटभर धूळ आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. खिडक्या बंद. मधल्या खोलीत झोपाळा होता. तो हलत होता. फार नाही, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर हलतो तेवढाच. कडी बारीक कुरकुरत होती.

आम्ही दोघं उंबऱ्यातच थिजलो. रंगरावानं डोक्याची टोपी काढली आणि झोपाळ्याला म्हणाला, "म्या भाईरच हाय. काय लागलं तर हाक मारा." मग बाहेर जाऊन पत्र्याच्या तुकड्यानं निवांतपणे भिंत खरवडायला लागला. सहकारी त्यानंतर त्या घरात कधी एकटा गेला नाही.

असा हा माणूस आमच्या घरी यायची वेळ आली. संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. गडहिंग्लजची मंडळी रविवारी यायची होती आणि आमची दर्शनी भिंत पोपडे धरून अगदी देवीचे व्रण असल्यासारखी दिसत होती. दसरा तोंडावर, दुसरा एकही रंगारी मोकळा नव्हता.

अडचण होती आईची. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून ती रस्त्याकडच्या खोलीत पडून असे. स्वभाव करारी. "चौघांनी उचलून मला गल्लीत नेलेलं एकदाच बघायचं," असं तिनं बजावून ठेवलं होतं.

सोमवारी रंगराव आला. त्यानं आम्हाला मोजलं. मी, माझी बायको सुशीला, बहीण. कान लावला. "आत कोण हाय का?"

"आहे!" आतून आई गरजली. "काय म्हणणं आहे?"

रंगराव दोन पावलं मागं उडाला. इतक्या वर्षांत त्याला उत्तर पहिल्यांदाच मिळालं असावं.

"आक्का, भाईर यावं लागंल."

"मी यायची नाही. तू आपला रंग दे."

"आत जितं माणूस असताना न्हाय देत."

"मग जा!"

तो गेला नाही. दिवसभर तिच्या खिडकीखाली उकिडवा बसून राहिला. मंगळवारीही आला आणि तसाच बसला. खिडकीच्या गजांतून त्याची नुसती टोपी दिसायची. "त्या टोपीला हाकला रे," आई म्हणायची, "माझ्या श्वासांची मोजदाद करतेय." सुशीला चहा द्यायला गेली तर कप घेताना म्हणाला, "म्हातारीला खोकला झालाय. रात्री नव्हता." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुशीला बशी तशीच हातात घेऊन आत पळाली.

बुधवारी आईनंच तोंड फोडलं. "काय रे, आतल्या माणसाचं तुझं वाकडं काय आहे?"

गजांतली टोपी खाली गेली. मग खिडकीखालून तो बोलायला लागला. मी आईच्या उशाशी उभा होतो.

"माझी बायकू आत तापानं पडली हुती, आक्का. पंचमीचा सण. म्हनली, भिंत तेवढी बरी कर, शेजारच्या हसत्यात. म्या भाईरनं खरवडत हुतो. खरवडताना काय सुदीक ऐकू येत न्हाय. मधी तिनं आतनं भिंतीवर ठोकलं. तीनदा. मला वाटलं चेष्टा करत्या. म्या बी भाईरनं तीनदा ठोकलं." त्याचं नख भिंतीवर फिरल्याचं ऐकू आलं. "हसलो बी. मग भिंत पुरी केली. लई झ्याक झाली हुती."

आईनं अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "सुशीले, लुगडं बदल माझं. खुर्ची आण."

मी आणि बहिणीनं तिला खुर्चीसकट उचलून गल्लीत ठेवलं. दोन वर्षांनी तिच्या अंगावर ऊन पडलं. शेजारणी ओट्यावर आल्या, पण हसलं कुणी नाही. रंगरावानं चुन्यात पिवळी पिवडी कालवली आणि आईनं तीन दिवस त्याला सळो की पळो करून सोडलं. "डावीकडं पातळ झालंय. जोत्याची तांबडी काव अजून गडद कर. तुला दिसतं तरी का त्या चुन्यातून?" तो नुसता "व्हय आक्का, व्हय आक्का" करत शिडीवर चढत-उतरत होता. रविवारी गडहिंग्लजचे व्याही आधी भिंतीकडं आणि मग मुलीकडं बघून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "त्याच्या स्वतःच्या घराला रंग आहे का रे?"

मी जाऊन बघून आलो. दोन गल्ल्या पलीकडं एक खोली. भिंत काळवंडलेली, शेवाळलेली. त्या पंचमीनंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता.

"खुर्ची उचला," आई म्हणाली.

रंगराव दारातच आडवा आला. "आक्का, हितं नगं."

"बाजूला हो. मी आत बसते आणि बोलत राहते. माझा आवाज तुला खरवडताना ऐकू येतो की नाही, ते बघू."

ती आम्हाला घेऊन आत बसली आणि तिनं हातकणंगल्याच्या माहेरापासून सुरुवात केली. स्टेशन, चिंचा, चुलत्याचं दुसरं लग्न. बऱ्याच वेळानं बाहेर खरखर सुरू झाली, घाबरत घाबरत. दुपारपर्यंत आईचा घसा बसला. तिनं हातानं सुशीलेला खूण केली. सुशीलेनं पुरणपोळीपासून झुणक्यापर्यंत सगळं तोंडानंच मोठ्यांदा रांधलं. मग माझी पाळी आली. मी कारकून माणूस, मला गोष्टी येत नाहीत. मी पाढे सुरू केले.

एकोणतिसाच्या पाढ्यात चोकाला सोळोदरशे म्हटलं आणि पुढं अडलो.

बाहेरची खरखर थांबली. आईनं माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. मी घाईघाईनं बाराचा पाढा धरला, शाळेत म्हणायचो तसा, ओरडून. बारा पाचे साठला कुठं भिंतीवर पुन्हा पत्रा फिरायला लागला.