हैबतीची रंगीत तालीम

"तक्रार काय आहे तुमची?"

"मी मेल्यावर मला वहाळातनं नेतील."

भिकाजी मास्तरांनी पेन थांबवलं आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. म्हातारा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या करंजकोंडातून आला होता. दोन तास डोंगर उतरून आणि पुढे यष्टीत उभा राहून, शाळेच्या ओट्यावर येऊन बसला होता. नाव हैबती. दम अजून खाली बसायचा होता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी महाडात मानवी हक्क मंडळ निघालं. निघालं तेव्हा सभासद एकवीस होते. दोन वर्षांत तीन उरले. अध्यक्ष टिपणीस वकील, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स ललिताबाई आणि चिटणीस भिकाजी मास्तर. मास्तर मूळचे दासगावच्या बौद्धवाडीतले, त्यामुळे तक्रारदाराचं अर्धं बोलणं त्यांना न बोलताच कळे. मंडळाला ना पगार ना कचेरी. दर रविवारी दहा वाजता शाळेच्या ओट्यावर तिघं बसत. मंडळाकडे भरपूर होते ते नियम. वकिलांनी पहिले तीन महिने खपून बावीस नियम लिहिले होते आणि दुसऱ्याची बेकायदा वागणूक दाखवणाऱ्यानं आधी स्वतः कायद्यानं वागावं, असं ते चहा पितानासुद्धा सांगत.

हैबतीनं हकिगत सांगितली ती अशी. करंजकोंडात वर गाव, खाली बौद्धवाडी आणि मसणवट गावाच्या पलीकडे नदीवर. सरळ रस्ता देवळासमोरून जातो. वाडीतला जिता माणूस त्या रस्त्यानं दिवसातून चार वेळा जाई, त्याला कुणाची ना नव्हती. तोच माणूस मेला की मात्र रस्ता बाटायचा. मग त्याला खांद्यावर घेऊन खालच्या वहाळातून, दगडगोट्यांतून, दुप्पट फेरा घालून न्यायचं.

"माझी आवडी श्रावणात गेली," हैबती म्हणाला. "वहाळाला छातीइतकं पाणी. मधीच एकाचा पाय सटकला. तिरडी सुटली. आमी चौघं पान्यात शोधत व्हतो मास्तर, माझ्या बायकोला. घावली, पन लाकडं भिजली. दोन दिस जळत व्हती ती."

ललिताबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"माझ्या बापानं हितल्या तळ्याचं पानी वंजळीनं प्यालं," हैबती म्हणाला. "मी पानी नाय मागत. मेल्यावर येकदा सरळ रस्त्यानं जाऊ द्या, येवढंच."

वकिलांना वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की ते नियमांची वही उघडत. "नियम सात," ते म्हणाले. "अडवणूक प्रत्यक्ष घडलेली असावी."

"आवडीच्या वक्ताला घडली की."

"नियम नऊ. घटनेला एक वर्ष उलटलेलं नसावं. तुमच्या घटनेला पाच झाली."

"बरं, मंग मी मेलो की येतो."

"नियम चार," वकील खालच्या आवाजात म्हणाले. "तक्रारदारानं स्वतः हजर राहून सही किंवा अंगठा दिला पाहिजे."

हैबतीनं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे मी मेलेलाबी पायजे आन् जिताबी पायजे?"

"तसंच म्हणावं लागेल," वकील म्हणाले.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळाची घटना लिहिताना प्रत्येक नियमाला त्यांनीच हात वर केला होता. शेवटी ललिताबाई बोलल्या. "मेल्याशिवाय अडवत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही मेला नाहीत, हे त्यांना कुठं ठाऊक आहे? तिरडी बांधून न्या रस्त्यानं. अडवतीलच. मी आणि मास्तर मागे कागद घेऊन चालतो. तिथल्या तिथं पंचनामा."

वकिलांनी बावीसही नियम तपासले. जिवंत माणसाच्या अंत्ययात्रेला एकाही नियमाची आडकाठी नव्हती.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी मास्तर आणि ललिताबाई वाडीत पोचले तेव्हा तिरडी तयार होती आणि भांडण लागलं होतं. तिरडी रिकामी न्यायची असं ठरलं होतं. पण वाडीतल्या येसूबाईनं कमरेला पदर खोचून वाट अडवली होती. रिकामी तिरडी उचलली की ती महिन्याच्या आत कुणाला तरी घेऊन जाते, असं तिचं म्हणणं. मास्तरांनी अंधश्रद्धेवर चांगलं दहा मिनिटं भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिरडीला हात कुणीच लावला नाही.

"माझीच हाय ना? मीच झोपतो," हैबती म्हणाला आणि धोतर सावरत आडवा झाला. "जरा सैल बांधा रे. खाज आली तर हात काढाया यायला पायजे."

पांढरं वस्त्र घातलं, फुलं टाकली. चौघांनी उचलला तेव्हा आतून आवाज आला, "डाव्या अंगाचा खाली हाय रे." येसूबाईनं वरून एक फटका दिला. "मेलेला मानूस बोलतो होय रे मेल्या!" मग तिला स्वतःलाच कसंतरी झालं आणि ती खरीच रडायला लागली. तिचं पाहून बाकीच्या रडल्या. 'बुद्धं सरणं गच्छामि' असं सरणत्तय म्हणत यात्रा निघाली तेव्हा खोटं असं काही उरलं नव्हतं.

मास्तरांच्या खिशात पंचनामा लिहून तयार होता. फक्त वेळ आणि अडवणाऱ्यांची नावं भरायची होती. देवळाचं वळण आलं. पारावर गावचा मानकरी येसाजी बसला होता. आवडीच्या वेळी काठी आडवी धरून उभा राहिलेला तो हाच. आताही तो काठी घेऊन उठला. मागे दहाबारा गावकरी उठले. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. एखादा अन्याय घडणार म्हणून इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

"कोन?" येसाजीनं विचारलं.

"हैबतीदादा," खांदेकरी म्हणाला.

येसाजीची काठी हातातून गळाली. लहानपणी दोघांनी एका डोहात म्हशी धुतल्या होत्या. त्याच डोहात बुडणाऱ्या येसाजीला हैबतीनं शेंडीला धरून बाहेर ओढला होता. ते पुढं मोठेपणी दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. येसाजीनं डोक्याची टोपी काढली.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "त्याला वहाळातनं नगं."

गावकरी चुळबुळले, पण मानकऱ्याच्या शब्दापुढं बोलणार कोण? मास्तर पुढं झाले. "येसाजीराव, म्हणजे तुमची काही हरकत नाही?"

"नाय."

"नीट विचार करून सांगा. घाई नाही."

"मास्तर, मयताच्या वक्ताला काय इचारता?" येसाजी म्हणाला, आणि पुढच्या पोराला बाजूला सारून त्यानं तिरडीला स्वतःचा खांदा दिला.

बौद्धवाडीच्या मयताला गावच्या मानकऱ्याचा खांदा! वाडीतले लोक पाहतच राहिले. मास्तर हातात उघडं पेन घेऊन मागून चालत होते. आता थांबवून खरं सांगावं, तर जन्मात पहिल्यांदा उघडलेला रस्ता बंद व्हायचा. न सांगावं, तर पुढं नदीवर हैबतीला खरोखरच सरणावर चढवायची वेळ यायची; लाकडं रचायला येसाजीनं एव्हाना माणसं पिटाळली होती.

अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवली. येसाजी उकिडवा बसला आणि तोंडावरचं वस्त्र त्यानं बाजूला केलं.

"हैबत्या," तो म्हणाला, "वयनीच्या येळेला मी काठी घेऊन हुबा रायलो. घरी गेलो तर बायकोनं दोन दिस भाकर नाय वाढली. मलाबी गिळवत नव्हती. तुज्याकडं येऊन बोलायचं व्हतं रे. पाच सालं नुसतं उद्या-उद्या केलं."

मयताच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली.

येसाजी दचकला. ललिताबाई घाईनं पुढं आल्या. "येतं कधी कधी. मी दवाखान्यात पुष्कळ पाहिलंय."

"बाय, तू गप," मयत म्हणालं. "येसाजी, मी हाय रे."

त्यानंतर पळापळ झाली. काही गावकरी देवळापर्यंत मागं न बघता गेले. तिथं पोचल्यावर त्यांना राग आला, आणि मग ते काठ्या घेऊन परत आले. थट्टा केली, गावाला फसवलं, रस्ता बाटवला, अशी ओरड झाली. एकानं मास्तरांची गचांडी धरली. येसाजी मात्र होता तिथंच बसून होता.

"किती येळ ऐकत व्हतास?" त्यानं विचारलं.

"पारापासनं."

येसाजीनं नाक शिंकरलं, टोपी डोक्यावर घातली आणि गावाकडं वळून म्हणाला, "मी जिता हाय तवर हैबती ह्याच रस्त्यानं जाईल. माझ्या खांद्यावरनं. कुनाला बोलायचं आसंल त्यानं आत्ता बोला."

उगारलेल्या काठ्या एकेक करून खाली आल्या. मास्तरांनी शर्ट नीट करत विचारलं, "आणि वाडीतले बाकीचे?"

"आधी हैबती तर जाऊ दे," येसाजी म्हणाला.

पुढच्या रविवारी मंडळानं ठराव केला: अडवणूक आढळली नाही, सबब तक्रार निकाली. वकिलांना ठराव लिहिताना बोचत होतं, पण नियम सात स्पष्ट होता.

हैबतीची मात्र वेगळीच पंचाईत झाली. रस्ता मिळाला होता तो येसाजी जिवंत असेपर्यंत. म्हणजे येसाजीच्या आधी मरायला हवं. आणि हैबती तर खणखणीत! वैशाखात तो महाडला आला तो काळजीनंच. "मास्तर, येसाजी खोकतो."

"मग?"

"मंग म्हंजे? तो आधी गेला तर? मला घाई करायला हवी."

ललिताबाईंनी खोकल्याचं औषध येसाजीसाठी दिलं. हैबतीनं ते डोंगर चढून पोचवलं आणि रोज समोर बसून पाजलं. मध नेला, अडुळशाचा काढा नेला. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं होतं, तेही रोज थोडं थोडं होई. स्वतःला ताप आला तर हैबती औषध घेत नसे; मग येसाजी काठी आपटत वाडीत येऊन त्याला घ्यायला लावी. "येवढ्यात मरतोस कशाला? दिवाळी होऊ दे." एकजण दुसऱ्याला जगवत होता आणि दुसरा पहिल्याला मरू देत नव्हता. गाव हसत होतं. असे तीन महिने गेले, आणि हैबतीच्या आयुष्यात आवडी गेल्यापासूनचे तेवढेच सुखाचे.

श्रावणातल्या एका रविवारी हैबती शाळेच्या ओट्यावर आला तेव्हा तो छातीपर्यंत चिखलानं भरला होता आणि दोन्ही गुडघे फुटले होते. ललिताबाईंनी धावत जाऊन टॉवेल आणला.

"येसाजी गेला," तो म्हणाला. "काल सांजच्याला. मी खांदा द्यायला गेलो. त्याच्या पोरांनी काठी आडवी धरली. म्हनाले, बाचं येड बाच्या संगं गेलं. रस्त्यावर पाय ठेवलास तर बघ. त्याला सरळ रस्त्यानं नेला त्यांनी."

"आणि तुम्ही?"

"मी वहाळातनं गेलो. त्यांच्या बरोबरीनं. वर त्येची तिरडी दिसत व्हती, खाली मी. पानी लई व्हतं. दोनदा पडलो, पन गाठलं मसनवट. लांबून बघितलं. लाकडं कोरडी व्हती. चांगला जळला."

मास्तरांनी मान खाली घातली. वकिलांनी निकाली काढलेला कागद शाळेच्या फडताळातून आणला आणि मधोमध फाडून टाकला.

"हैबतीदादा, आता सगळं नियमात बसतं," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांचे कान लाल झाले. "अडवणूक प्रत्यक्ष घडली. तुम्ही हजर आहात."

"हाय ना. तेच सांगाया आलो," हैबती म्हणाला. "येसाजी व्हता तवर मला मरायची घाई व्हती. त्याच्या भरवशावर जायचं व्हतं. आता कुनाच्या भरवशावर मरायचं नाय मला. सरकारचा कागद आना. तो येईस्तवर मी काय मरत नाय."

मास्तरांनी कोरा कागद घेतला. "मागणी काय लिहू?"

"रस्ता लिव्हा. सगळ्या वाडीचा लिव्हा." हैबतीनं कागदाच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. "आन् खाली लिव्हा, येसाजीला खांदा द्यायचा रायला."

"दादा, त्याची मागणी होत नाही. ते आता कुणाला देता येणार नाही."

"ठावं हाय मला. तरी लिव्हा."

मास्तरांनी लिहिलं. हैबतीनं अंगठा उठवला. वकिलांनी कागद दोनदा वाचला, एकही शब्द खोडला नाही आणि खाली सही केली.