आखूड पायाचं बाक

न्याय ही उभ्याउभ्या मिळणारी वस्तू नाही. त्यासाठी बसावं लागतं. न्यायाधीश बसतात, वकील बसतात (उभे राहतात ते बोलण्यापुरते), कारकुनांची तर नेमणूकच बसण्यासाठी झालेली असते, आणि पक्षकार बाहेर व्हरांड्यात बसतात. पहिल्या तिघांच्या बसण्याची सोय कायद्याने केली आहे. चौथ्याची सोय बाकाने केली आहे, आणि पुढील हकीकत बाकाची आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. मी ती रोज चढतो आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. माझं पद व्यवस्थापन विश्लेषक. हे पद निर्माण होण्यापूर्वी न्यायालयात कामं का तुंबतात हे कोणालाच माहीत नव्हतं. आता ती का तुंबतात हे माहीत नसणारा एक अधिकृत माणूस आहे. हा फरक लहान समजू नये. पूर्वी एखादी तक्रार आली की ती टेबलावरून टेबलावर फिरत असे. आता ती थेट माझ्याकडे येते आणि कुठेही फिरत नाही.

कामाचं स्वरूप थोडक्यात असं. कोण कशासाठी थांबलं आहे ते मोजणं, मोजताना कोणाला थांबवून ठेवावं लागलं तर तेही मोजणं, आणि शेवटी अहवाल देणं. अहवालात शिफारशी असतात. त्या मान्य होतात. मान्य झालेल्या शिफारशी कपाटात ठेवतात. कपाट लहान पडतं, ही माझी पहिली शिफारस होती, आणि जागेअभावी ती कपाटावर ठेवण्यात आली.

घरी मात्र माझ्या पदाची नीट कल्पना कोणालाच नाही. मावशीची तर समजूत अशी, की सकाळी न्यायाधीशांना कामं मी वाटून देतो. तिचा एक दावा आमच्याच न्यायालयात, सात नंबरच्या दालनात चालू आहे (‘चालू’ म्हणजे बंद न पडलेला, एवढंच समजावं). शेजारी राहणाऱ्या मास्तरांनी आपल्या अंगणाची भिंत उंच केली आणि मावशीच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी अंधारात गेली. मास्तर शाळेत कवायत शिकवत असत. निवृत्त झाल्यावर सरळ रेषेत उभं करायला त्यांच्याकडे विटाच उरल्या होत्या. तेव्हापासून मावशी भर दुपारी दिवा लावून स्वयंपाक करते. त्यात आता नजर मंदावली आहे. दूध वर आलेलं तिला दिसत नाही, उतू गेलं की ऐकू येतं. तिची मागणी फार नाही. भिंतीचे वरचे चार थर उतरावेत, आणि आपलं पातेलं आपल्याला एकदा तरी उन्हात दिसावं.

“एवढा मोठा साहेब तू,” ती म्हणते. “निकाल लाव असं कुठे म्हणतेय मी? निदान तारीख तरी जवळची लाव.”

“मला त्यात पडता येत नाही, मावशी. हितसंबंध येतो.”

“कसला हितसंबंध? माझ्या हिताचं तू आजवर केलंयस काय?”

यावर नियमावलीत उत्तर नाही. मी आणखी एक पोळी वाढून घेतो.

तर एकदा सगळ्या दालनांचे आकडे शेजारीशेजारी मांडले असता मला असं आढळलं, की सात नंबरच्या दालनातले दावे नाहीसे होत आहेत. निकाल लागून नव्हे. पक्षकार स्वतःच येऊन ते मागे घेत होते. इतर दालनांत आपसात मिटवणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीन. सातमध्ये एकतीस. न्यायालयात असं काही घडलं की प्रथम चूक शोधतात. चूक सापडली नाही तर चौकशी लावतात. चौकशीतही काही निघालं नाही, तर नाइलाजाने त्याला यश म्हणावं लागतं.

मी कारणं तपासायला घेतली. न्यायाधीश इतरांसारखेच. वकील तेच, सगळ्या दालनांत फिरणारे. पंखा बंद, पण तो सगळीकडेच बंद. पुकारा करणारा शिपाई (याला सारं न्यायालय ‘भोंगा’ म्हणतं) आवाजाने खणखणीत, फक्त नावं दुसऱ्याचीच घेतो. पक्षकारांना मी प्रश्नही विचारले. ‘आपली बाजू खरी आहे असं आपल्याला वाटतं का?’ या प्रश्नाला शंभर टक्के होकार आला. दोन्ही बाजूंकडून. हा आकडा मी तीनदा ताडून पाहिला.

राहता राहिलं बाक. सातच्या बाहेरची इतर बाकं दुरुस्तीला गेली होती (सुतार ती परत द्यायला एका पायावर तयार आहे, परत घेण्याचा अधिकार कोणाचा, ते ठरायचं आहे). उरलं होतं एकच, दोघांपुरतं, आणि त्याचा एक पाय आखूड होता. दोघं बसलेले असले की ते गरीब गाईसारखं उभं राही. एक जण उठला की दुसऱ्याला झोकांडी देई. हे मला कसं कळलं, तर मोजमाप घ्यायला मी त्यावर बसलो, शेजारचे गृहस्थ पाणी प्यायला उठले, आणि मी फरशीवर आलो. आमच्याकडे माहिती गोळा व्हायला जो वेळ लागतो तो पाहता ही फारच लवकर हाती आली.

याचा परिणाम असा होई, की उठण्यापूर्वी शेजाऱ्याला सांगणं भाग पडे. आणि तारखेला शेजारी म्हणजे कोण, तर प्रतिपक्ष. वर्षानुवर्षं जे एकमेकांशी फक्त वकिलाच्या तोंडून बोलले, ते स्वतःच्या तोंडाने म्हणत, “उठतोय हं.” दुसरा म्हणे, “उठा.” परत येताना पहिला पाण्याचा एक पेला जास्त आणी, कारण ज्याला सांगून गेलो त्याच्यापुढे रिकाम्या हाताने येऊन बसणं बरं दिसत नाही. मग पाण्यावरून गोष्ट गुडघ्यांवर येई, गुडघ्यांवरून मुलांवर, आणि मुलांचं निघालं की दोघांचंही एकमत होई, की आपण ज्यांच्यासाठी भांडतोय त्यांना याचं काही नाही.

दोन सख्खे भाऊ मी या डोळ्यांनी पाहिले. एका जिन्यावरून भांडत होते. जिना कोणाचा, हे ठरेपर्यंत दोघंही मागच्या दाराने ये-जा करत. धाकटा म्हणाला, “दादा, उठतोय, जरा धरून बस.” थोरल्याने एका हाताने बाक धरलं आणि दुसऱ्या हाताने धाकट्याचं मनगट धरलं, ते पुकारा होऊन गेला तरी सोडलं नाही. (भोंग्याने नाव तिसऱ्याचंच घेतलं होतं, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही.) मला भरून आलं. हे इथे सांगून टाकतो, कारण अहवालात त्याला रकाना नाही.

‘लोक एकमेकांशी बोलले’ असंही अहवालात लिहिता येत नाही. बोलणं हे मोजण्याचं माप नव्हे. ‘बाकाचा पाय आखूड आहे’ हे तर विश्लेषकाच्या पदाला शोभणारं वाक्यच नाही. ते सुतारसुद्धा लिहील. म्हणून मी लिहिलं: ‘आसनव्यवस्थेतील विशिष्ट गुणधर्मामुळे सामोपचारास पोषक वातावरण निर्माण होत असल्याचे निदर्शनास येते.’ हे वाक्य माझ्या नोकरीतलं सर्वोत्तम वाक्य आहे असं माझं तेव्हा मत होतं.

निबंधक साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“म्हणजे बाक?”

“हो साहेब. बाक.”

“मग सगळीकडे लावून टाकू.”

लगेच बाक प्रमाणीकरण समिती नेमण्यात आली. सदर बाक समितीपुढे आणलं गेलं, वरून, खालून आणि बाजूंनी पाहण्यात आलं, आणि त्यात एक दोष आढळला. पाय आखूड होता. सदोष वस्तू नमुना म्हणून मंजूर करता येत नाही असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. आज आखूड पायाचं बाक मंजूर केलं तर उद्या कोणी साहेबांच्या खुर्चीलाही तेच लावायला सांगेल.

मी उभा राहिलो. “साहेब, त्या पायामुळेच तर...”

“तुमच्या अहवालात पायाचा उल्लेख नाही,” साहेब म्हणाले.

नव्हताच. ‘विशिष्ट गुणधर्म’ होता. मी खाली बसलो आणि पायाला तुकडा जोडण्यात आला.

एकदा सुधारणेला हात घातल्यावर समिती तेवढ्यावर थांबणार कशी? पक्षकाराच्या सन्मानाला प्रतिपक्षाचं कोपर लागू नये म्हणून बाकाच्या मधोमध हात टेकायला दांडी आली. पाठीला टेकण आलं. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आली. वयस्कर मंडळींना उठबस नको म्हणून पाण्याची झारी दोन्ही टोकांना हाताशी आली. प्रत्येक सुधारणा इतकी रास्त होती की विरोध करायला जागाच नव्हती. झारीच्या सूचनेला तर अनुमोदन माझंच आहे.

अशी बाकं सगळ्या दालनांबाहेर लागली. मिटवणाऱ्यांचं प्रमाण सातमध्ये एकतिसावरून दोनावर आलं, आणि इतरत्र तीनावरून दोनावर. म्हणजे सर्व दालनांत एकसमानता आली, आणि प्रमाणीकरणाचा हेतू तोच असतो. घट का झाली, याचाही समितीने विचार केला. बाकं कमी पडतात, असा निष्कर्ष निघाला. आता दुप्पट बाकं येणार आहेत. त्यांची व्यवस्था पाहायला बाक कक्ष उघडला आहे आणि त्याचा प्रमुख मी आहे. मधल्या दांडीवर कोपर कोणी ठेवायचं यावरून व्हरांड्यात वाद झाले, त्यांतले काही रीतसर दाखल होऊन सध्या तारखांवर आहेत. मूळ बाक प्रवेशद्वारापाशी काचेच्या पेटीत ठेवलं आहे. त्यावर बसण्यास मनाई आहे.

मावशीची तारीख लागली ती नेमकी नवं बाक आल्यावर. मी खांबाआडून पाहत होतो (समोर गेलो असतो तर हितसंबंध आला असता). दांडीच्या अलीकडे मावशी, पलीकडे मास्तर. दोघं टेकून, ताठ, सन्मानाने बसले होते. मास्तरांना तहान लागली. त्यांनी हात लांब करून झारी घेतली. मावशीला तहान लागली. तिने आपल्या टोकाची घेतली. एकदा मास्तरांनी तिच्याकडे वळून तोंड उघडलं. मग त्यांची नजर पाटीवर गेली. आयुष्यभर मुलांना शिस्त शिकवलेला माणूस. त्यांनी तोंड मिटलं. शेवटी पुढची तारीख पडली आणि दोघं एकदमच उठले. बाक तसूभरही हललं नाही. अत्यंत दर्जेदार बाक आहे.

त्या रविवारी मावशीने मला जेवायला बोलावलं. भर दुपारी डोक्यावर दिवा जळत होता. मी तिला पायाची गोष्ट सांगितली.

“म्हणजे ते जुनं बाक असतं तर मास्तर बोलले असते?”

“शंभरात एकतीस.”

“मग काढून टाक तो तुकडा.”

“त्याला समिती लागते, मावशी.”

“आणि लावायला?”

“तेव्हाही लागली होती.”

तिने पोळपाटावर पुढची पोळी लाटायला घेतली. मी म्हटलं, “तू मुळात त्यांच्या शेजारी राहतेस. भिंतीवरून हाक मार की सरळ. बाक हवंय कशाला?”

“मी कशी मारू? प्रकरण कोर्टात आहे. आणि आधी मीच का? बाजू माझी खरी आहे.”

दुसऱ्या दिवशी मास्तर मला कोर्टाच्या जिन्यात भेटले. टोपी काढून हातात घेतली. “साहेब, तुमच्या मावशींना एवढं सांगा. चार काय, सहा थर उतरवतो. मलाही त्या भिंतीचा आता कंटाळा आलाय. फक्त त्यांनी एका शब्दाने विचारायला हवं. माझी बाजू खरी आहे, तरी उतरवतो.”

मला आनंद झाला. परंतु प्रलंबित प्रकरणात एका पक्षाचा निरोप दुसऱ्या पक्षाला तोंडी पोचवणं कक्षप्रमुखाला शोभत नाही. मी त्यांना रीतसर अर्ज करायला सांगितलं. त्यांनी केला. तो थेट माझ्याकडे आला, आणि माझ्याकडे आलेलं कुठेही फिरत नाही हे वर सांगितलंच आहे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मावशीकडे जेवायला गेलो. आत दूध उतू गेलं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. मी पदाचा विचार करून गप्प राहिलो.

वाचकहो, इथवर येऊन तुम्हाला माझा राग आला असेल. एवढा एक निरोप सांगायला या माणसाच्या बापाचं काय जात होतं, असं तुम्ही मनात म्हणाला असाल. अगदी योग्य आहे. पण तुमचंही कोणाशी तरी बोलणं बंद आहे. भिंतीपलीकडे असेल, वरच्या मजल्यावर असेल, नाहीतर तुमच्याच घरात दोन खोल्या सोडून असेल. तुमच्या दोघांमध्ये दांडी नाही, पाटी नाही, समिती नाही, मीही नाही. तरी तुम्ही हे वाचत बसला आहात. तुमची बाजू खरी असेल ना? असणारच. तो आकडा मी तीनदा ताडून पाहिला आहे.