तोंड हुंगणाऱ्या मेश्राम सिस्टर

इरा आणि नील, परवा फोनवर तुमची आई म्हणाली की इराच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलंय आणि इरा विचारते आहे, "सकाळी थोडंसं दूध प्यायलं तर कोणाला कळणार?" म्हणून आजच लिहायला बसले. इरा, कळतं. इथे रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घरापासून दोन घरं सोडून मेश्राम सिस्टर राहतात. त्यांना तर नक्कीच कळतं.

सिस्टर माणसाचं तोंड हुंगत. गल्लीत भेटल्या की नाक जरा पुढे यायचं आणि निकाल लागायचा, "काकू, आज पोहे. कांदा जास्त झाला." हॉस्पिटलात तर ऑपरेशनला जाणारा एकही पेशंट त्या नाकातून सुटला नाही. पिशवीत नेलपॉलिश काढायची बाटली असे, कारण बेशुद्ध माणसाची नखं निळी पडली तर ती दिसायला हवीत. एका रिटायर्ड हेडमास्तरांची कवळी त्यांच्या सुनेलाही ठाऊक नव्हती. सिस्टरनी ती गुपचूप रुमालात घेतली आणि शुद्ध येताच, सून आत यायच्या आधी, जागेवर बसवून दिली.

तुमच्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन. सकाळी आठला ऑपरेशन, आणि सहाला आजोबांनी असा चेहरा केला की मी थर्मासमधला अर्धा कप चहा दिला. आपल्याकडे एकादशीलाही चहा चालतो. चहा म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साडेसातला सिस्टर आल्या. "काका, आऽ करा." हुंगलं. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, जरा बाहेर या."

व्हरांड्यात त्यांनी आवाज खाली आणला. "मी रागावत नाही, फक्त विचारून राहिली. चहा पाजला न?"

"नाही," मी म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकलेली, कपाटातले रुमालसुद्धा घडी करून लावणारी मी, सरळ खोटं बोलले.

"आलं आहे, इलायची आहे, दूधबी आहे. काकांनी चहाचं सपन पाहिलं का?"

"अर्धाच कप," मी म्हणाले.

"बेशुद्धीत उलटी झाली न काकू, तर थेट फुफ्फुसात जाते. मंग मी काय अन् डॉक्टर काय, माणूस हातचा जाते."

तेवढ्यात डॉक्टर आले, तेही घाईत. सिस्टरनी त्यांना चहाचं सांगितलं. "सिस्टर, चाय ही तो है! ग्यारह बजे मुझे उद्घाटन में पहुंचना है. राजधानी का काम है."

सिस्टरनी ऑपरेशनला निघालेलं आजोबांचं स्ट्रेचर दांडी धरून थांबवलं. "राजधानी नई है सर, पेट तो पुराना ही है. दूध की चाय है, छह घंटे लगेंगे."

"आपने घरवालों को बताया नहीं था?"

मी डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, "मेरी गलती है सर. ठीक से समझाया नहीं."

आदल्या दिवशी त्यांनी मला तीनदा समजावलं होतं. माझ्या वहीत तशी नोंदही आहे.

डॉक्टर धुसफुसत उद्घाटनाला गेले आणि परत येऊन तीन वाजता ऑपरेशन केलं. ड्यूटी संपली तरी सिस्टर घरी गेल्या नाहीत. आजोबांच्या मनगटावर बोटं ठेवून, श्वास मोजत बसून राहिल्या. आजोबांनी डोळे उघडले, "मी कुठे आहे?"

"रायपुरातच हाव काका. अजून कुठं जाता?"

पुढची पाच-सहा वर्षं या बाईची ओळख मी सगळ्यांना अशी करून द्यायचे, जसं काही मीच तिला घडवलं.

मग एका दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात फॉर्म. पित्ताशय काढायचं होतं. फॉर्मवर नातेवाईकाची सही लागत होती. आईवडील गेलेले, लग्न केलं नव्हतं, भाऊ भिलाईला, त्याच्याशी बोलणं बंद. हजारो नातेवाईकांकडून सह्या घेतलेली ही बाई फॉर्म उलटासुलटा करत राहिली.

"काकू, तुमच्यावर भरोसा तर नाही बसत," त्या म्हणाल्या, "पन मले दुसरं आहे कोन?"

मी चष्मा लावला. "नातं काय लिहू?"

"काही बी लिहा. ऑफिसवाली पोट्टी जास्त विचारत नाही."

मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, मोठी बहीण. सिस्टरनी ते वाचलं आणि पदर उगाच दोनदा नीट केला.

ऑपरेशनच्या सकाळी मी आमच्या घरात गॅसच पेटवला नाही. आजोबा दहापर्यंत चहावाचून कुरकुरले. शुद्ध येईपर्यंत मी सिस्टरच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. नाडी मोजता येत नव्हती, तरी मोजली.

आता सिस्टर रिटायर झाल्या आहेत. त्यांनी शिकवलेल्या मुली त्या वॉर्डात आहेत. त्या अजूनही नातेवाईकाला व्हरांड्यात बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात, "चहा पाजला न?"